मोठ्या रस्त्याच्या अलीकडे

दि. ६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस आणि तुझा अर्ज माझ्या टेबलावर आला आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. अर्ज तुझ्या यजमानांच्या अक्षरात आहे, सही तुझी. नातीला जुन्या शाळेत पहिलीत घ्यावं, एवढंच त्यात म्हटलं आहे. कारणाचा रकाना कोरा. तू माझी सख्खी बहीण, तेव्हा तो अर्ज मी हाताळू शकत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे दिला आणि साहेबांना तसं सांगून टाकलं. पण त्या काय उत्तर देतील ते मला माहीत आहे, कारण त्यांना काम मीच शिकवलं. नाही असं उत्तर येईल. छापील कागदावर वाचण्यापेक्षा ते माझ्याकडून कळलेलं बरं.

का, तेही सांगते. कारखान्याच्या जागेवर तुमचे टॉवर झाले तेव्हा बिल्डरने आमच्या शिक्षण कार्यालयाला सांगितलं होतं की फ्लॅट लहान आहेत, नोकरी करणारी जोडपी येतील, पोरंबाळं फार नसतील. आम्ही ते खरं धरलं. जोडपी आली, आणि जोडप्यांना होतात तशी त्यांना मुलं झाली. फ्लॅटचं क्षेत्रफळ विचारून कोणी जन्माला येत नाही. तिकडे जुन्या वस्तीतली म्हातारी माणसं मुलांकडे राहायला गेली आणि त्यांच्या स्वस्त खोल्यांत तरुण कुटुंबं आली. दोन्हीकडून मुलं, मधे शाळा एक. तिथलं वाचनालय वर्गासाठी घेतलं, शिक्षकांची खोली घेतली. मुख्याध्यापक आता जिन्याखाली बसतात आणि उठताना डोकं आपटतात. टॉवरच्या मागे नवी शाळा बांधायला काढली आहे. ती होईपर्यंत तिथे पत्र्याच्या खोल्यांत वर्ग भरतील. म्हणून हद्द आखली. मोठ्या रस्त्याच्या अलीकडची मुलं जुन्या शाळेत, पलीकडची नव्या. नकाशावर रेघ मी ओढली, रस्त्याच्या बरोबर मधोमध. घरांच्या मागून ओढली असती तर प्रत्येक घराने भांडण काढलं असतं.

तुझी लेक अलीकडे राहत होती. तू पलीकडे राहतेस. लेक गेली, जावयांनी भाड्याची खोली सोडली, ते नोकरीच्या गावी परतले आणि नात, आपली बटण, तुझ्याकडे आली. तिचा रस्ता ओलांडून झाला. नकाशाला एवढंच कळतं.

यजमानांचा गुडघा कसा आहे? जेवतेस का नीट? फोन उचलायचा नसेल तर दोन ओळी लिही. ते घेऊन येतील, तेवढंच त्यांचं चालणं होईल.

प्रेम आहे ते आहेच, रेघेच्या दोन्ही बाजूंना.
तुझी,
ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. विशेष असं काही नाही.

फोन वाजतो तो ऐकू येतो. उचलावा असं मनात येईपर्यंत तो थांबलेला असतो. जेवते. घर आवरते. माझं काही अडत नाही. शेजारीण म्हणते, मोकळेपणी रडा म्हणजे बरं वाटेल. मी तिला हो म्हटलं आणि दूध तापत ठेवलं होतं ते बघायला गेले. रडू येत नाही तर काय करू?

कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचलं नाही. तुला सांगते. बटणचा बालवर्ग जुन्या शाळेतच आहे. वर्ग सुटला की ती फाटकाच्या डाव्या खांबाला टेकून उभी राहते. तिची आई तिथे घ्यायला यायची. मी समोर उभी असते, मला ती बघते, पण येत नाही. आधी रस्त्याकडे बघत राहते. फाटकाशी कोणी उरलं नाही की मग येते आणि बाटली माझ्या हातात देते. नवीन शाळेबद्दल मी तिला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं की आईला ती शाळा माहीत आहे का. मी भाजी चिरत होते, चिरत राहिले.

आई हॉस्पिटलात आहे असं आम्ही तिला सुरुवातीला सांगितलं होतं. तेव्हा ते खरं होतं. नंतर ते बदलायचं राहून गेलं.

हे म्हणतात, एवढी इन्स्पेक्टरीण घरात असून काय उपयोग, सरळ ताईंचा पत्ता लावून टाकू. इथे सगळे तेच करतात. आमच्या मजल्यावरच्या एकीचा मुलगा कागदावर इस्त्रीवाल्याकडे राहतो. तुला चालेल का?

हे म्हणाले, ताईंना सांग, गुडघा तुमच्या चौकशीला घाबरून बरा झाला.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
धाकटी


दि. १२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इस्त्रीवाल्याचं मी वाचलं नाही असं धरते. पत्र खाजगी आहे.

सध्या माझं काम हेच आहे. खोटे पत्ते शोधत फिरते. वीजबिल कोणीही आणतं, भाडेकरार कोणीही करून घेतं. मी कागद बघतच नाही. घरात जाते, पाणी मागते आणि मोरीपाशी जाऊन दात घासायचे ब्रश बघते. मूल जिथे राहतं तिथे त्याचा ब्रश असतो, आणि लहान मुलाचा ब्रश चावून चावून वाकडा झालेला असतो. परवा एका घरी पेल्यात कोरा करकरीत ब्रश होता, पाण्याचा थेंब न लागलेला. त्या गृहस्थांना मी म्हटलं, चिरंजीवांना दात यायचे असतील अजून. ते हसले, मी यादीतून मुलाचं नाव काढलं. पाठीमागे मला ब्रशवाल्या बाई म्हणतात. समोर म्हणायची अजून कोणाची छाती झाली नाही. अशा बाईने स्वतःचा पत्ता खोटा द्यावा असं तुझ्या यजमानांचं म्हणणं आहे. त्यांना सांग, गुडघा बरा झाला असेल तर डोक्याकडे बघा.

खोटा पत्ता देणार नाही. खरा देता येईल. नियम असा आहे की शाळेच्या आदल्या रात्री मूल जिथे झोपतं तो त्याचा पत्ता. आई, बाप, आजी यातला एकही शब्द त्यात नाही. मसुदा माझाच आहे. तेव्हा बटण माझ्याकडे राहायला आली तर तिला जुन्या शाळेत जागा आहे. रविवार रात्रीपासून शुक्रवार रात्रीपर्यंत इथे, शनिवारी तुझ्याकडे. याला मधला मार्ग नाही.

हेही तुला माहीत असावं. जुन्या शाळेत उरलेल्या एका जागेसाठी पलीकडच्या मुलांची प्रतीक्षायादी आहे; ती आली की त्यातला पहिला मुलगा बाहेर राहील. त्याचा बाप वायरमन आहे, टॉवरमध्येच राहतो, भला माणूस आहे. तो मुलगा पत्र्याच्या खोलीत बसेल. कोणीतरी बसणारच होतं, पण कोण ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

तुझी लेक कॉलेजसाठी माझ्याकडे होती तेव्हाची खाट अजून भिंतीशी उभी आहे. ती आडवी करायला माणूस लागत नाही, मी एकटीने करते.

आणि बटणला खरं सांग. शाळा कुठलीही असो, ते सांगावंच लागेल. यादी महिनाअखेर बंद होते, म्हणून सावकाश विचार कर असं म्हणत नाही.

रागावलीस तरी आपली समज.
तुझी,
ताई


दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हे फार बोलले. म्हणाले, लेक गेली, आता नातही तुझ्या बहिणीच्या नकाशात गेली. तुझ्या बहिणीला माणसं दिसतात की नुसते पेले दिसतात, असंही म्हणाले. मी ऐकत होते. ते बोलून दमले, मग त्यांनीच चहा केला. मला राग आला नाही. राग यायला हवा होता असं वाटलं, तेवढंच.

आमच्या खिडकीतून पत्र्याच्या खोल्या दिसतात. निळा पत्रा आहे. माणसं वर चढून स्क्रू पिळतात. मी बघत बसते. चांगल्या होतील, वाईट होणार नाहीत. बटणही माझ्या शेजारी स्टुलावर उभी राहून बघते आणि माझ्या झग्याची बटणं काढते, लावते, पुन्हा काढते. तिला सांगायचं म्हणून मी तीनदा तिच्यासमोर बसले. पहिल्यांदा तिची वेणी घातली. दुसऱ्यांदा तिची नखं कापली. तिसऱ्यांदा कापायला नखं नव्हती.

तू सांग. तुला लोकांना नाही म्हणायची सवय आहे.

रविवारी संध्याकाळी हे तिला घेऊन येतील. मी दारापर्यंत येईन, आत येणार नाही. आत ती खाट आहे.

एक मागते. लेकीच्या वस्तू हॉस्पिटलातून परत दिल्या तेव्हा तिथल्या माणसाने समोर बसून एकेक वस्तू मांडली, लिहिली आणि सही घेतली. चष्मा, कंगवा, चप्पल. त्या सगळ्या दिवसातलं मला तेवढंच नीट आठवतं. बाकी काय झालं ते सांगता येणार नाही. तेव्हा बटणला घेशील तेव्हा तशी यादी कर. हॉस्पिटलातल्यासारखी नको, तुझ्यासारखी कर. मला हातात कागद पाहिजे.

आहे तेवढी माया आता तिच्यावर वापर.
तुझी,
धाकटी


दि. १ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू दारातून वळलीस, मी हाक मारली नाही. मारली असती तर तू थांबली असतीस आणि मग आपण दोघीही तिथेच उभ्या राहिलो असतो. यादी सोबत आहे. उशीर झाला, कारण आठवडा कामात गेला.

सोमवारी सकाळी, तिचं दूध पिऊन झाल्यावर, मी तिला सांगितलं. आई आजारी होती, डॉक्टरांनी खूप केलं, ती बरी झाली नाही, ती मेली. हाच शब्द वापरला. दुसरा वापरला असता तर तिने कुठे, कधी येणार, असं विचारलं असतं. तिने विचारलं की मग फाटकाशी कोण येणार. मी म्हटलं, मी. तिने विचारलं की मला फाटक माहीत आहे का. मी सांगितलं की ते फाटक बसवलं तेव्हा मी तिथे उभी होते. ती रडली नाही. संध्याकाळी एक मोजा सापडेना, त्यावर मात्र पुष्कळ रडली. मोजा मला दिसला होता. मी लगेच दिला नाही.

साहेबांकडून जेवणाची सुट्टी बालवर्ग सुटायच्या वेळेला मागून घेतली. ती अजून खांबाला टेकून रस्त्याकडे बघते. बघू दे. मी समोर उभी राहते. मग आम्ही कार्यालयात येतो आणि ती नकाशाखाली बसते. काल तिने रेघेवरून बोट फिरवलं आणि ही कुणी काढली असं विचारलं. मी म्हटलं, मी. तिने वाकडी आहे म्हणून सांगितलं. रस्ताच वाकडा आहे हे मी तिला समजावलं. पटलेलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई फाइलीत तोंड घालून हसल्या.

त्याच बाई बुधवारी तपासणीला घरी आल्या. मी स्वतःहून काही दाखवलं नाही. त्यांनी पाणी मागितलं आणि मोरीपाशी गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, बाई, दोन्ही ब्रश चावलेले आहेत. मी माझा ब्रश चावते हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी प्रवेश मंजूर केला.

वायरमनकडे मी स्वतः जाऊन आले. जागा कुणाला गेली ते स्पष्ट सांगितलं, नातं लपवलं नाही. त्याने ऐकून घेतलं. मग पत्र्याच्या खोल्यांत पंखे कोण बसवणार असं विचारलं. अजून ठरलेलं नाही, म्हटलं. तो म्हणाला, मग मी बसवतो, माझा मुलगा तिथे बसणार आहे. तुझ्या खिडकीतून तो दिसेल, निळ्या पत्र्याखाली. एखादा दिवस त्याला चहा पाठव. स्वतः घेऊन गेलीस तर जास्त चांगलं.

उद्या शनिवार. यजमानांना पाठवू नकोस, तू ये. दारापर्यंतच ये.

आहे ते सांभाळ, उरलं ते माझ्यावर सोड.
तुझी,
ताई


सोबत: ताब्यात घेतल्याची नोंद

दि. २५ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी. धाकट्या बहिणीकडून, तिच्या यजमानांच्या हस्ते, माझ्या दारात मिळाले ते असे:

फ्रॉक चार. स्वेटर एक, वरचं बटण तुटलेलं, ते मुलीच्या मुठीत मिळालं, शिवून लावलं.

बूट एक जोड. मोजे तीन जोड, त्यांपैकी एका मोज्यावर वाद झाला, मिटला.

पाण्याची बाटली एक. वर मुलीचं नाव तिच्या आईच्या अक्षरात. अक्षर जाईल म्हणून बाटली बाहेरून घासायची नाही, अशी मुलीची ताकीद आहे. ती पाळली जाईल.

दात घासायचा ब्रश एक, वापरलेला.

मुलगी एक. आजोबांच्या खांद्यावर झोपलेली मिळाली. शनिवारी जागी परत करण्यात येईल.

घेणार: ताई
देणार: (इथे सही कर. पेन सोबत घेऊन ये, माझं बटणने कुठेतरी ठेवलं आहे.)