बिरूच्या नंबरावरून मिसकॉल

३ नोव्हें., सोमवार. मलकापूर
दुकान उघडल्या उघडल्या फोनवर सगळ्यांची खबर घेतली. मिरजेच्या लेकीचं बी.पी. बरं. नातीचा खोकला सुटत नाही; हळद-दूध द्या म्हटलं. बायकोच्या, रुकय्याच्या गुडघ्याची खबर घ्यायला फोन लावावा लागत नाही, तिचं कण्हणं घरातून इथवर ऐकू येतं. बिरू मेंढरं घेऊन म्हसवडाकडून निघाला असेल, त्यालाही लावला. रिंग गेली, उचलला नाही. घटकाभरानं त्याच्याच नंबरावरून मिसकॉल. म्हणजे, चाचा, रिचार्ज मारा. रानात असलेल्या धनगर मंडळींची नि माझी हीच रीत. वाजवायचं, तोडायचं, हिशेब परतल्यावर. मारला. पोरगं सुखरूप, जिवाला बरं वाटलं.

४ नोव्हें.
फोन कंपनीचा माणूस येऊन गेला. कमिशन आणखी खाली. "लोक घरबसल्या स्वतःच मारतात की, चाचा." एके काळी ढीगभर कंपन्या माझ्या दारात भांडायच्या, छत्र्या वाटायच्या. दहा रुपये टाकले की नंबर जिवंत. सरकारनं दर मोकळे सोडले, एकमेकींना गिळत दोन-तीन उरल्या, आता मनाला येईल तो दर. त्याला म्हटलं, माझे धनगर आहेत तोवर शटर वर राहील.

६ नोव्हें., गुरु.
दुपारी बिरू स्वतःच दारात. मेंढरं कोयनेकाठी बसवलीत.
"सोमवारचा रिचार्ज पोचला ना रं?"
"कसला रिचार्ज? आवं चाचा, माझा फोन मरून लय दिस झालं. त्याचं तेरावं झालं, आन तुमी त्याला चारा घालताय व्हय!"
तो हसला. मला हसू कुठलं. म्हणे परवडत नाही, चार बिऱ्हाडांत मिळून एकच फोन चालू ठेवलाय, बाकी सोडून दिले. मग वाजवलं कोणी?
त्याच्यासमोरच तो नंबर लावला. उचलला सांगलीच्या एका बाईनं, शिवणकाम करते. "काका, कंपनीनं मला हा नंबर नवा म्हणून दिलाय. तुमची रिंग दिसली, लावला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून तोडला. रिचार्ज मला वाटलं भावानं टाकला! आणि हो, रोज कुणीतरी मला बकरं केवढ्याला म्हणून विचारतं."
बिरू खाली बसून हसला. बाई पैसे देते म्हणाली. राहू दे म्हटलं. तिच्या आईची तब्येत विचारून ठेवला.
बिरू गेल्यावर हिशेबाची वही उघडली. उन्हाळ्यापासून वाजेल त्याला मारत आलोय. त्यात आपले किती, परके किती...

७ नोव्हें.
रुकय्या : "आता वाजलं की मारायचं बंद. न्हाईतर दुकानासकट जाल." खरं आहे. पण न विचारता मारणं हाच तर माझा धंदा. एवढ्यासाठीच ती माणसं माझ्याकडं येतात. ती गेली की उरली मोबाइलची कव्हरं नि काचा. तेवढ्यावर दुकानाचं भाडंसुद्धा निघायचं नाही.
सकाळपासून फोन वाजून तुटतोय. उलट लावला तर उचलत नाहीत, मेंढरांमागं असतील. एकालाही मारलं नाही. एखादा खरंच अडला असेल तर?

१० नोव्हें., सोमवार
पोस्टात गेलो. फोनवाला पोस्टकार्डं मागतोय म्हणून पोस्टमास्तर चष्म्यावरून बघत राहिले. ज्यांची गावं ठाऊक त्या सगळ्यांना घालणार. पहिलं धुळाला लिहिलं, तोही बिरूसारखा मेंढरं घेऊन फिरणारा. तेच इथं उतरवतो :
"धुळा, तुझा नंबर अजून तुझाच आहे का रं? तू रानात असशील तर घरच्यांनी कळवावं. तोवर मिसकॉल दिलास तरी मी मारणार नाही. राग धरू नको, मला कोण वाजवतंय तेच कळेनासं झालंय. कार्ड हाती पडताच दोन ओळी लिही. वाट बघतोय."