आबा शिवेवर काय बोलले

औंढे,
कार्तिक शुद्ध तृतीया, शके १८५६

चि. बजरंगास ताईचे अनेक आशीर्वाद.

मी दिवाळीला माहेरी आले आहे. सगळी खुशाल आहेत. काल भाऊबीजेला पाट मांडून तुझी वाट पाहिली. शेवटी चंद्राला ओवाळलं. तो निदान ठरल्या दिवशी येतो!

भात झकास पिकलंय. खळ्यावरची रास पाहून आबा नुसते फिरत असतात. तुझ्या शेठनं, तू दाखवलेल्या जागी बसून, वाघ मारला आणि डोंगर रानडुकरांना मोकळा झाला. दोन वर्षं गाव रात्रभर शेतातल्या माळ्यावर बसून डबे बडवत होतं, तरी उजाडताना भात लोळलेलं असायचं. यंदा डुकरं फिरकली नाहीत.

तू विचारतोस, डोंगरात दुसरा वाघ आलाय का, कारण शेठ नाताळात तुंगार्लीच्या बंगल्यावर येणार आहेत. मागच्या पत्रात मी उत्तर टाळून करंज्यांचं पुराण लावलं ते उगाच नाही. आलाय. वाघीण आहे, पदरात बछडी आहेत.

आणि मघापासून टाळतेय तेही लिहून टाकते. तुझी चांदी गेली. तू बोटं चोखायला देऊन दूध पाजलेली कालवड, ओढ्याकाठी वाघिणीनं नेली. मी वाघिणीला नाही नाही त्या शिव्या दिल्या. आबा जेवले नाहीत. लोक म्हणाले, बजरंगाला तार करा, शेठची बंदूक येऊ दे.

मग वाघबारस आली. नेहमीसारखे आबाच वाघ झाले. अंगावर राख, हळदीचे पट्टे, कमरेला काथ्याचं शेपूट. पोरांनी ओरडत त्यांना शिवेपर्यंत पळवलं. तिथं मारुती पाटलांनी वाडवडिलांचा प्रश्न विचारला, "आमच्या शिवंत परत येशील का?" वाघानं "न्हाई येनार" म्हणायचं आणि सगळ्यांनी खीर खायला जायचं, हे तुला ठाऊकच आहे.

आबा म्हणाले, "यीन."

लोक हसले. पाटील चिडले. "कोंडाजी, बारशीची चेष्टा करू नगंस. नीट बोल."

"नीटच बोलतुया. कालवड माजीच गेलीया. पर वाघ नव्हता तवा डुकरांनी काय ठिवलं, सांगा की! यीन मी. तुमी ढोरं दिस बुडायच्या आत गोठ्यात घाला, मी डोंगरात ऱ्हाईन."

दोन्ही वर्षं जिच्या घरात भाताचा दाणा आला नव्हता ती विठाबाई मावशी पुढं झाली, आबांच्या राखेच्या कपाळावर कुंकू लावलं आणि म्हणाली, "ये रं बाबा." मला रडू फुटलं. चांदीसाठी की आणखी कशासाठी, देव जाणे.

गावानं तिथंच ठरवलं, शेठला खबर द्यायची नाही, रान उठवायला हाकाऱ्याला कुणी जायचं नाही. पण डोंगराच्या वाटा तुला पाठ. तू बोट दाखवलंस तर गावाच्या ठरावाला कोण विचारतो? शेठची मर्जी गेली तर तुझी नोकरी जाईल, तेही कळतं मला. तरी सांगते, बोट दाखवू नकोस. नोकरी गेली तर घरी ये. भात आहे.

आबांचे गुडघे आता गेले. शिवेवरून त्यांना धरून आणावं लागलं. पुढच्या वर्षी वाघ कोण होणार, असं पाटलांनी विचारलं तर म्हणाले, "बजरंग हाय की." शेपूट मी झटकून आढ्याला टांगून ठेवलंय.

शिवेवर तुलाही तोच प्रश्न विचारतील. उत्तर नाताळाआधी ठरव.

यंदा चंद्रावर भागवलेली,
तुझी कस्तुराताई