बाभळीचा कोळसा

कार्तिक वद्य ५, शके १८५७. अमरावती.
आज बडनेऱ्याहून टांग्यात आलेले सामान: माझी ट्रंक, देवांची पेटी आणि यांचे मुंबईचे पार्सल. त्यात वीज मोजायचा काटा साडेनऊ रुपये, काचेच्या बरण्या सव्वा रुपया, तेजाब चौदा आणे. टांगेवाल्याने सहा आणे मागितले, चारात पटवला. शाळेत शास्त्र शिकवणाऱ्याशी लग्न केले की लोणच्याआधी तेजाबाच्या बरण्या घरात येतात. अकोल्याचे माहेर सुटले, तरी मन प्रसन्न आहे. यांची पहिली, सत्यभामा, शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्यांची लेक, स्टोव्हने भाजून गेली. तिच्या नावाने हळदकुंकू वाहिले.

वद्य ८.
हे वायूची बॅटरी करताहेत. निखारा लाल करून चिमट्याने गार पाण्यात बुडवायचा. कोळशाला बारीक भोके पडतात, त्यांत वायू धरून राहतो. चूल फुंकणारीला यात काय अवघड? कांड्या मीच केल्या. तार गुंडाळून तेजाबाच्या पाण्यात सोडल्या, टॉर्चचे सेल जोडले, बुडबुडे आले. सेल काढले तरी काटा हलत राहिला. मौज वाटली. कोळसा पोतेभर आहे, फुकटचा, म्हणाले. उरलेला चुरा कुटून, मीठ-लवंग घालून मी दातांना राखुंडी केली.

वद्य १२.
ओट्यावर मी त्या राखुंडीने दात घाशीत होते. शेजारच्या तानुबाई माळीण पूजेची फुले घेऊन आल्या आणि जागीच थांबल्या. म्हणाल्या, "थुका आदी, बाई. तो कोयसा सत्यभामाच्या सरणातला हाये."
राख सावडायच्या दिवशी मास्तरांनी तो सर्वांदेखत वेचून नेला म्हणे.
शाळेतून आल्यावर यांना विचारले. बाभळीचा पक्का कोळसा, वाया का घालवायचा, म्हणाले. जणू मी उरलेला भात टाकायला निघाले होते. चुळा भरून तोंड सोलले. देवाला शिवले नाही. आजच कौंडण्यपूरला नेऊन नदीत सोडा, तिला सुटू द्या, म्हटले. बॅटरी आताशी कुठे धरू लागली आहे, म्हणाले.

अमावस्या.
सेल जोडलेले नाहीत. भर दुपारी बुडबुडे. मी बरणीजवळ गेले की काटा टोकाला जातो, मागे सरले की पडतो. यांना आनंद. इथेच उभी राहा म्हणतात, टिपून घेतात. मी काय यांची तार आहे?

मार्गशीर्ष शु. २.
मीच पोते उचलून नदीवर निघाले. दाराला बाहेरून कडी. कडी त्याने लावली — आता ‘हे’ कुणाला म्हणू? संताप असा की पोते दारावर आपटले. माझ्या एकटीचा नाही हा —

शु. ३.
त्या दिवशी स्टोव्ह नव्हताच. बरणीतला वायू नळीत भरला होता. काडी तू लाव, म्हणाला, मी लांबून पाहतो. मी लावली — मी नाही, तिने — मला हे कोणी सांगितले?

शु. ४.
नळी पुन्हा भरली आहे. काडेपेटी माझ्या हातात दिली. हसतो आहे. लांब उभा राहू देणार नाही त्याला, हात धरून —
बाबा, शेंदूरजनाघाटले खबर खोटी आली. मी स्टोवनं नाही मेली. मी याच घरात आहो. मले न्याले या. कवा येता ते उलट टपालानं कळवा, तवर मी याले —