रुपाच्या वाटणीच्या अक्षता

चि. सौ. रुपास,

एक गंभीर तक्रार आहे. तुझ्या येशूच्या वाढदिवसापायी माझी आरामखुर्ची गेली. चर्चच्या बालगटाची आईबापांसकट नाताळाची पार्टी आहे आणि सांताक्लॉजला म्हणे माझीच खुर्ची शोभते. चार दिवस मी पोत्यावर बसून दुकान चालवतोय.

इथं उटनुरात वीस वर्षं गणपती बसवला, म्हणून पास्टरांनी मलाच कामाला बसवलं. आमची नेहा त्या गटात गाते, आणि इथल्या वसतिगृहात राहणारा तुझा लेक कुलदीप ढोलक वाजवतो. मी छापील आमंत्रणं वाटली. देवकाबाई म्हणाल्या, "कागद पाहून कोन येते, भाऊ? अक्षता कुठं हायेत?" पास्टर हसले, पण हळद त्यांनीच आणवली. मग मी घरोघरी उंबऱ्यावर पिवळे तांदूळ ठेवत फिरलो.

काल नेहानं यादी तपासली. "बाबा, रुपाआत्याकडे काऊन नाही गेले?"

"नार्नूर लांब आहे."

"रंजीताताईच्या लग्नातबी लांबच होतं का?"

पोरीची जीभ माझ्यावर गेली आहे.

तू बाप्तिस्मा घेतलास म्हणून माझ्या थोरलीच्या लग्नाच्या अक्षता तुझ्या उंबऱ्यापर्यंत आल्या नाहीत. नार्नूर तेव्हाही लांब नव्हतं.

हे पत्र पेटीत टाकत नाही, सोबतच आणतो. बहिणीच्या घरच्या अक्षता टपालानं जात नसतात. उद्या पहिल्या बसनं येतो. दोन पुड्या बांधल्यात. एक नाताळाची. दुसरी चार वर्षं उशिरा पोचेल, तेवढी ठेवून घे.

खुर्ची गेलेला तुझा दादा,
राजकुमार