अकरा अवजारांची पावती

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त सरकारी नोकर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझी स्मृती शाबूत असल्याचे डॉक्टरांनी परवा तपासून लिहून दिले. ती शाबूत नसती तर बरे झाले असते असे मी म्हणालो, ते त्यांनी लिहून घेतले नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. जे होते ते छत्तीस वर्षे होते, आणि त्याबद्दल मला निवृत्तिवेतन मिळते.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, माझ्या पश्चात पत्नीचे आणि तिच्यानंतर आमच्या मुलीचे. बँकेत काही उरले असल्यास तेही याच क्रमाने. मी मत्स्य विभागात कारकून आहे, असे लग्नाच्या वेळी सांगितले होते. मी होतो गुप्तवार्ता खात्यात, पण तसे घरातही सांगायचे नाही असा नियम होता. चौथ्या वर्षी पत्नी म्हणाली, "तुम्हाला साधा मासा साफ करता येत नाही. कुठे जाता ते मी विचारत नाही, पण निदान जेवायच्या वेळेला येत जा." त्यानंतर मी जेवायच्या वेळेला येऊ लागलो. माझ्याच्याने तेवढेच झाले.

कलम २. बैठकीच्या भिंतीवरील माशांच्या जातींचा रंगीत तक्ता माझ्या मेहुण्यास द्यावा. हा तक्ता मला ऑफिसनेच दिला होता, घरी येणाऱ्यांना दिसावा म्हणून. मेहुण्याने प्रत्येक कार्यात चारचौघांत मला मासेमारीबद्दल सल्ला विचारला आणि मी दर वेळी काहीतरी ठोकून दिले. एकदा त्यावर भरवसा ठेवून त्याने एका मचव्यात भागीदारी घेतली आणि तोंडघशी पडला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. चूक त्याची नाही.

कलम ३. आमचे मोठे साहेब वारले. त्यांच्यावरचा राग मी कोणाच्याही नावे करीत नाही, तो माझ्याबरोबर जाऊ द्यावा. निवृत्तीआधी पाच वर्षे त्यांनी मला खात्याचा इतिहास लिहायला बसवले. तीन खंड, प्रती सहा, सहाही एकाच कपाटात आणि किल्ली साहेबांकडे. पाडलेले एक सरकार त्यात आहे, आम्ही चालवलेली दोन वर्तमानपत्रे आहेत, बंदरात बुडवलेले जहाज आहे. जिथे काम फसले तिथे 'अपेक्षित फलनिष्पत्ती झाली नाही' असे लिहायचे होते. ते वाक्य लिहून लिहून माझा हात दुखला. दुसऱ्या खंडात एक वाक्य असे आहे: 'सदर घड्याळजी स्वखुशीने सीमेपलीकडे गेला व तेथेच स्थायिक झाला.' हेही मीच लिहिले आहे, आणि ते धादांत खोटे आहे.

कलम ४. खरे ते असे. बाजारपेठेत एक घड्याळजी होता. हात इतका हलका की बंद पडलेले घड्याळ त्याने नुसते कानाला लावले तरी दुखणे कळे. सीमेपलीकडच्या लष्करी छावणीसमोर दुकान टाकायचे, अधिकाऱ्यांची घड्याळे दुरुस्त करायची आणि बोलणे ऐकायचे, एवढे काम साहेबांनी त्याला सांगितले. तीन महिन्यांत परत आणू असे वचन दिले. घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी होती.

त्याची जुनी अवजारे आपल्याकडची दिसतील म्हणून ऑफिसने त्याला नवी, पलीकडच्या बनावटीची अवजारे घेऊन दिली. मी तेव्हा भांडारात होतो. नंबर घातल्याशिवाय भांडारातून सुईसुद्धा बाहेर जायची नाही, असा आमचा नियम. मी नवा होतो, कामाला चोख होतो. दोन चिमटे, सहा पेचकस, भिंग, छोटी हातोडी आणि पकड, अशा अकरा वस्तूंवर मी एक दुपार बसून खात्याचा शिक्का आणि नंबर कोरले. पावती केली, त्याची सही घेतली, साहेबांची घेतली, माझी केली. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

सातव्या आठवड्यात एका अधिकाऱ्याने घड्याळ उघडताना पाहण्यासाठी त्याचेच भिंग मागून घेतले आणि त्यावरचा आमचा शिक्का त्याला दिसला. वर्षाने घड्याळजी तिकडच्या तुरुंगात वारल्याची एक ओळ आमच्याकडे आली. साहेब म्हणाले, "आपला माणूसच नव्हता तो." फाइल जाळली. जाळण्याआधी पाने मी मोजली आणि पावती बाहेर काढून घेतली. त्याच्या बायकोला सरकारकडून काहीही मिळाले नाही. पळून गेलेल्याची बायको म्हणून लोक तिच्याकडे बोट दाखवत राहिले आणि मी त्याच पेठेतून रोज ऑफिसला जात राहिलो.

कलम ५. सदर पावती घड्याळजीच्या मुलीस द्यावी. ती आता वडिलांच्याच दुकानात बसते. तो आपणहून गेला नव्हता, त्याला धाडले होते, याचा दुसरा कोणताही पुरावा जगात शिल्लक नाही.

शुक्रवार. वरील कलम ५ मी रद्द करीत आहे. काल ते लिहून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आमच्यातला कोणी गेला की नातेवाइकांच्या आधी ऑफिसचे दोघे सांत्वनाला येतात. एक जण बाईंशी हळू आवाजात बोलतो, दुसरा विचारतो, "साहेब कागदपत्रं कुठे ठेवायचे?" बाई बिचारी स्वतः कपाट उघडून देते. मी स्वतः असा चौदा घरी गेलो आहे. आरशामागचे, गादीच्या शिवणीतले, सगळे आम्हाला सापडायचे. माझ्या मरणावर विसंबून ठेवलेला कागद तिच्या हाती कधीच पडला नसता.

पत्नीला सगळे सांगितले. निवृत्तिवेतन बंद होऊ शकते, माझ्यावर खटला होऊ शकतो, हेही सांगितले. ती म्हणाली, "मी मुलीकडे राहीन. तुम्ही कागद घ्या आणि निघा."

आज सकाळी दुकानात गेलो. घड्याळजीच्या मुलीने पावती दोनदा वाचली.

"हे नंबर तुम्ही कोरले?"

"हो."

"आई गेल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत म्हणत होती, तो पळून जाणारा माणूस नाही. मी तिला म्हणायचे, आता पुरे कर."

मला तिची माफी मागायची होती. मी हे मृत्युपत्र तिच्यापुढे ठेवले. तिने ते काउंटरवर सावकाश, पहिल्या ओळीपासून वाचले. एक गिऱ्हाईक आले, त्याला तिने दुपारी यायला सांगितले.

"दुसरा साक्षीदार कोण आहे?"

"एक डॉक्टर, ते दुपारी सही करतील. दुसरा अजून कोणी नाही. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, पण तुमचं कलम आता रद्द आहे."

"मी सही करते," ती म्हणाली. "माफ केलं असं समजू नका. हे तुम्ही स्वतः लिहिलंय हे उद्या कोणीतरी सांगायला हवं." मग म्हणाली, "शाळेत असताना नावातून बाबांचं नाव काढून टाकलं होतं. मुलं चिडवायची. आज पूर्ण नाव लिहिते."

याखेरीज मला काही द्यायचे नाही व कोणाकडून काही घ्यायचे नाही. वरील मजकूर वाचला, तो बरोबर आहे.

लिहून ठेवणार: (सही)

स्थळ: घड्याळाचे दुकान, बाजारपेठ
दिनांक: १४ मार्च, शुक्रवार

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. लिहून ठेवणाराने सही आपलीच असल्याचे आज दुपारी माझ्या दवाखान्यात सांगितले. तो पूर्ण शुद्धीवर आहे.

साक्षीदार २: (सही, पूर्ण नावाने) व्यवसाय: घड्याळ दुरुस्ती. वडील: घड्याळजी, सरकारी कामावर असताना वारले.