चिकट बाटली

धाकट्या, आपली कंबर धरली म्हणून सायकल भाच्याच्या गळ्यात बांधायची, याला मामाचं प्रेम म्हणत नाहीत, अडगळ काढणं म्हणतात. ती तुझी अडगळ आज माझ्या खोलीत, माझ्या पलंगाला टेकून उभी आहे, आणि कूस बदलली की माझ्या चादरीला काळं तेल लागतं. हे आधी लिहिलं, कारण आधी खुशाली विचारत बसले असते तर राग निवला असता, आणि तो मला निवू द्यायचा नव्हता.

आता रीतीप्रमाणे. थोरल्या बहिणीचा धाकट्या भावाला आशीर्वाद. (देणं माझं काम, लागू पडणं तुझ्या वागण्यावर.) कंबर कशी आहे? भावजयीचे गुडघे बोलतात का अजून, की तिला एकटीलाच बोलू देतात? मी बरी आहे. दात कमी झाले, जीभ शाबूत आहे. शाळेने मला दुसरीतच हात जोडले हे तुला ठाऊक आहे, तेव्हा काना-मात्रा चुकला असेल तिथे आपलं डोकं लाव, असेल तर.

तुझा भाचा (माझा मुलगा म्हणायला सध्या जीभ वळत नाही) कसा होता ते तू बघितलं आहेस. पाणीखात्यात कारकून, केस मागे गेलेले, पोट पुढे आलेलं, कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी स्कूटर. तुझी सायकल आली आणि याच्या अंगात आलं. टीव्हीवर त्या लांबलचक शर्यती लागतात ना, पट्टीच्या सायकलवाल्यांच्या, त्या बघायला लागला. काडीसारखी माणसं, कातडीला रंग दिल्यासारखे कपडे, सकाळी एका गावातून निघतात, संध्याकाळी दुसऱ्या गावात पोचतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी विचारलं, यांना बस मिळत नाही का. तर मला समजावायला बसला. म्हणे पुढचा गडी वारा अंगावर घेतो आणि मागचे त्याच्या आडोशाने आरामात येतात. ते ऐकल्यापासून बाजारात हा बायकोच्या मागून चालतो. पिशव्या तिच्या हातात, हा आडोशाला.

पायावरचे केससुद्धा काढले. पट्टीचे काढतात म्हणून. सूनबाई आठवडाभर शोधत होती की घरातली पाती एवढ्या बोथट कशाने होतात. चड्डी आणली तर तिच्या बुडाला आतून उशी शिवलेली. ती दोरीवर वाळताना बघून शेजारीण हळूच विचारून गेली, घरात अंथरुणाला कोण खिळलं आहे का. मी म्हटलं, अजून नाही, पण प्रयत्न चालू आहेत. मग जुनी बाटली जड वाटते म्हणून हलकी बाटली आली, जुना खिळा जड म्हणून हलका खिळा आला. पोट मात्र तेच आहे, ते हलकं दुकानात मिळत नाही.

एवढ्यावर भागेना, तेव्हा एक लोखंडी घोडी आणली. तिच्यावर मागचं चाक अडकवायचं आणि जागच्या जागी पाय मारायचे. हॉलमध्ये सूनबाईने ठेवू दिली नाही, घाम फरशीवर ठिबकतो म्हणून. म्हणजे माझ्या खोलीची फरशी तहानलेली होती. घोडीच्या मागोमाग टीव्हीही माझ्याच खोलीत आला, कारण शर्यत बघत पाय मारले की आपणही डोंगर चढतो आहोत असं वाटतं म्हणे. अरे, घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो. हा रोज अख्खा डोंगर चढतो आणि माझ्या पलंगापाशी उतरतो.

आता मुद्द्यावर येते. (तू म्हणशील, आली एकदाची.) याची एक रविवारची टोळी आहे, सगळे असेच हौशे. त्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर, आपली सायकल एका बोटावर उचलता येते असं तो भेटेल त्याला उचलून दाखवतो. (लोकांचे दात काढून काढून वजन कमी करायची सवय लागली असेल.) या टोळीने ठरवलं, तुझ्या घरापर्यंतचा तो चढ चढायचा. ते ऐकून सूनबाईने डाव साधला. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पाय न टेकता चढलात तर सायकल घरात राहील. एकदा जरी पाय जमिनीला लागला, तर तिथल्या तिथे मामांच्या अंगणात सोडून यायचं." आणि पंच म्हणून मला नेमलं. हिशेब सरळ होता. तो हरला तर खोली माझी मला परत मिळणार, तेव्हा त्याच्या बाजूने मी खोटं बोलेन असं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

ती बसने पुढे येऊन तुझ्या अंगणात बसली, सायकल ताब्यात घ्यायला. मी शेजारच्या नळवाल्याच्या टेम्पोत पुढच्या सीटवर, आणि मागे त्याचे पाइप खडखड करत. टीव्हीवरच्या शर्यतीत मागून चकचकीत गाड्यांचा ताफा असतो, आमच्यामागे एक संडासाचं भांडं होतं, नळवाल्याला ते वाटेत पोचवायचं होतं. चढ सुरू झाला तसा टोळीचा धागा उसवला. डॉक्टर पुढे दिसेनासा झाला, बाकीचे वळणावळणावर फोटो काढायच्या निमित्ताने थांबले, आणि सगळ्यात शेवटी आपलं रत्न. श्वास असा की नळवाला मला विचारतो, टेम्पोचंच काही वाजतंय का. मी खिडकीतून नजर त्याच्या पायावर रोखून बसले. दोनदा वाटलं आता टेकतो. दोनदा नाही टेकला. वर आल्यावर मी उतरले आणि सांगितलं, पाय टेकला नाही. सूनबाईचा चेहरा तू बघितलासच. तिला वाटलं मी न्यायाची मूर्ती. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आई, तुम्ही स्वतःच्या खोलीवर पाणी सोडलंत."

तर आता सगळं तुझ्या हातात आहे. सूनबाईचं म्हणणं, शब्द तर मोडता येत नाही, पण मामांनीच परत मागितली तर यांना नाही म्हणता येणार नाही. तेव्हा तू भाच्याला लिही की कंबर सुधारली, सायकलीवाचून करमत नाही, पुढच्या रविवारी न्यायला येतो. म्हातारीला तिची खोली मिळू दे. तुझे भले होवो.

तुझी थोरली बहीण

ता. क. सूनबाईने वाचलं, खूष झाली, आणि पाकीट आणायला खाली गेली आहे. आता ऐक. सायकल परत मागायची नाही. मागितलीस तर याद राख. सायकल गेली की घोडी जाईल, घोडी गेली की टीव्ही हॉलमध्ये जाईल, आणि तिथे सूनबाईच्या त्या मालिका, ज्यांत तीन वर्षं झाली तरी एक बाई जिना उतरते आहे. इकडे येत्या आठवड्यात मोठी शर्यत सुरू होते. त्यात एक लांब नाकाचा गडी आहे, तो कधी जिंकत नाही, त्याला जिंकायचं नसतंच. आपल्या टोळीच्या धन्याला पाणी आणून द्यायचं, त्याच्यासाठी वारा खायचा, आणि काम झालं की मागे पडून सगळ्यांच्या शेवटी घर गाठायचं. ठरल्या वेळेत पोचला नाही तर घालवून देतात. मागच्या शर्यतीत तो रोज कसाबसा पोचत होता आणि मी रोज त्याला शिव्या देत होते. माझ्या शिव्यांवाचून तो यंदा पोचायचा नाही. तेलाचं काय, चादरी धुता येतात.

ता. क. दुसरा. टीव्हीवर बघून मला एक कळलं होतं. गाडीतून गड्याला पाण्याची बाटली देतात ना, तेव्हा दोघेही ती लवकर सोडत नाहीत. देणारा धरून ठेवतो, घेणाराही धरून ठेवतो, आणि तेवढ्या वेळात गाडी गड्याला ओढून नेते. तुझा भाचा त्याला चिकट बाटली म्हणतो. पंच लोक तेव्हा दुसरीकडे बघतात. तर त्या चढावरच्या शेवटच्या वळणाआधी हा झोकांड्या खायला लागला. मी नळवाल्याला टेम्पो बाजूला घ्यायला लावला आणि खिडकीतून बाटली पुढे केली. याने धरली. डोळे वर करून एवढंच म्हणाला, "आई, सोडू नकोस." मी म्हटलं, "बडबड नको, पाय उचलून ठेव." आणि वळण संपेपर्यंत माझा खांदा निखळायची पाळी आली. आता हा सगळीकडे सांगत फिरतो की त्या दिवशी पाय फार छान चालले. चालू दे. मी खोटं बोलले नाही. अट पायाची होती, हाताची नव्हती.

ता. क. तिसरा. तू वळणावरच्या कठड्यापाशी उभा राहून हे सगळं बघितलंस आणि मिशीत हसलास, ते मला दिसलं. सूनबाई परवापासून विचारते आहे, टेम्पो एवढा खेटून का येत होता. ती तुला विचारील. तुझ्या डोळ्यांत तेव्हा धूळ गेली होती. भाच्याला लिही की कंबर आणखी बिघडली, डॉक्टरने सायकल नजरेसमोरसुद्धा नको म्हणून सांगितलं. पाकीट आलं, थांबते. उत्तर तू स्वतः लिहायचं, आणि पाकिटावर नाव सूनबाईचं घालायचं, म्हणजे आधी तीच वाचेल. भावजयीच्या हातात पेन द्यायचं नाही, ती खरं लिहिते.