किरकोळ जखमी

नागपूर, ता. ९ सप्टेंबर १९६४

देवीलालभाऊले धाकट्या अमरसिंगचा पाया पडून रामराम.

याडीले, आपल्या मायले, वाचून दाखवजो की मी खुशाल हाये. पेपरची नोकरी सोडली. आता कॉलेजात पोट्ट्यायले बातमी कशी लिवाव ते शिकवतो. तिचे गुडघे कसे हायेत? अक्षर वाकडं काहून म्हणून विचारलं तं टाक खराब हाये म्हणजो.

याच्या पुढचं मनातच वाच.

हे डाव्या हातानं लिवून राह्यलो. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगात बा कसा मेला ते मी कादंबरीत लिवलं, तं मालकाची माणसं छापखान्यात आली. दोघायनं मले धरलं. तिसऱ्यानं उजवा हात लोखंडी मेजावर ठेवून हातोड्यानं ठेचला. चार बोटं गेली.

काल पोट्ट्यायले याचीच बातमी लिवाले लावली. साऱ्यायनं एकच लिवलं, 'लेखक किरकोळ जखमी'. मी भडकलो, कागद टराटरा फाडले. मग खालीच बसलो.

जिनिंगात मालकाच्या माणसायनं बाचं डोकं पहारीनं फोडलं, तवा पेपरात हेच होतं, 'एक हमाल किरकोळ जखमी'. बा तिसऱ्या दिवशी गेला आन् तू तो पेपर चुलीत घातला. लिवणाऱ्याचे दोन्ही हात तोडीन म्हणत होता.

ती बातमी मीच फोनवर घेऊन लिवली होती. हमालाचं नाव विचारलं नाही.

एक हात झाला, भाऊ. दुसरा घेऊन दिवाळीले तांड्यावर येतो.

तुया
अमरसिंग